अँटिगनीचा भाऊ

हाबील आणि काबील यांचा किस्सा आपण लहानपणी घरातल्या थोरांकडून ऐकलेला असतो. काबीलने सख्ख्या भावाला ठार मारले आणि मग त्या देहाचे काय करावे हे त्याला कळेना. तेव्हा अल्लाहने एक कावळा पाठवला. तो जमीन उकरू लागला. ते पाहून काबीलला मातीचा उपयोग कळला, आणि आपण या कावळ्याइतकेही शहाणे नाही याची त्याला लाज वाटली. कुरआनच्या पाचव्या सूरेत हा किस्सा आहे. माणसाच्या हातून झालेल्या पहिल्या खुनाबरोबरच दफनाचा पहिला धडा दिला गेला, आणि तो खुद्द खुनी भावाला दिला गेला, ही गोष्ट आम्हांला नेहमीच विचारात पाडत आली आहे.

ग्रीक नाटककार सोफोक्लीज याने ख्रिस्तपूर्व ४४१ च्या सुमारास लिहिलेल्या 'अँटिगनी' या शोकांतिकेतही दोन भाऊ आहेत आणि प्रश्न मातीचाच आहे. थीब्जचा राजा ईडिपस याचे हे मुलगे. एतिओक्लीज गादीवर राहिला. पॉलिनायसीज परक्यांची फौज घेऊन स्वतःच्याच नगरीवर चालून आला. वेशीपाशी दोघे एकमेकांच्या हातून मेले. त्यांच्यामागून राजा झालेला त्यांचा मामा क्रिऑन याने फर्मान काढले. एतिओक्लीजचे दफन इतमामाने होईल. पॉलिनायसीज मात्र गद्दार, त्याचा देह उघड्यावर पडून राहील, कुत्र्यागिधाडांनी तो खावा. त्याला जो माती देईल त्याला देहान्ताची शिक्षा. बहीण अँटिगनी फर्मान मोडते. राजाने काल काढलेल्या कायद्याहून जुना, कोणी न लिहिलेला असा एक कायदा आहे आणि आपण तो पाळला, एवढेच तिचे म्हणणे. क्रिऑन तिला जिवंतपणी गुहेत कोंडतो. ती गळफास घेते. तिच्याशी लग्न ठरलेला क्रिऑनचा मुलगा हीमन जीव देतो. मुलाची बातमी ऐकून राणीही जाते. शेवटी रिकाम्या घरात क्रिऑन उरतो.

मराठी रसिकांना ग्रीक शोकांतिका परकी नाही. पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' मराठीत आणले. डॉ. श्रीराम लागू यांनी 'अँटिगनी' रंगमंचावर आणले ते फ्रेंच नाटककार झाँ आनूई याच्या रूपांतरावरून. आनूईचे ते नाटक १९४४ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये प्रथम झाले होते. जिथे जिथे सत्ता आणि माणुसकी आमनेसामने आली, तिथे तिथे या मुलीला हाक मारली गेली आहे. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातील दिग्दर्शिका सोफी देरास्प यांचा २०१९ चा फ्रेंच भाषेतील 'अँटिगनी' हा चित्रपट त्याच परंपरेतला. त्या वर्षी टोरांटोच्या महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट कॅनेडियन चित्रपट ठरला आणि कॅनडातर्फे ऑस्करच्या स्पर्धेलाही गेला. मुस्लिम वाचकाने त्याची दखल घ्यावी असे आम्हांला वाटते, कारण या वेळी अँटिगनी अल्जीरियातून आलेल्या निर्वासित घरातली मुलगी आहे.

कथा थोडक्यात अशी. अल्जीरियाच्या कबाइल मुलखात आईबापांची हत्या झाली. आजीने चार नातवंडांना घेऊन माँट्रियल शहर गाठले. थोरला एतिओक्लीज, धाकटा पॉलिनायसीज, बहिणी इस्मेनी आणि अँटिगनी. (चित्रपटात ही नावे फ्रेंच उच्चाराने येतात, आम्ही सोयीसाठी एकच रूप वापरतो.) लहानसे घर, एकत्र जेवणे, थट्टामस्करी, आजीची माया. अँटिगनी शाळेत हुशार. एके दिवशी पॉलिनायसीजला पकडताना पोलिसांच्या गोळीने एतिओक्लीज मरतो. पॉलिनायसीजवर पोलिसाला मारहाण केल्याचा आरोप येतो आणि तो तुरुंगात जातो. त्याने नागरिकत्व घेतलेले नाही. कॅनडाच्या कायद्यानुसार नागरिक नसलेल्या कायम रहिवाशाला गंभीर गुन्ह्यासाठी देशाबाहेर काढता येते. म्हणजे एक भाऊ गेलाच, दुसराही जाणार. अँटिगनी केस कापते, भावासारखी दिसू लागते, आजीला बरोबर घेऊन तुरुंगात भेटीला जाते आणि भावाला आपल्या जागी बाहेर पाठवून स्वतः आत राहते.

ही कल्पना आभाळातून पडलेली नाही. ९ ऑगस्ट २००८ रोजी माँट्रियलच्या उत्तर भागात होंडुरासहून आलेल्या घरातला फ्रेडी व्हिलान्वेवा हा अठरा वर्षांचा नि:शस्त्र मुलगा पोलिसांच्या गोळीने मरण पावला. दुसऱ्या दिवशी त्या वस्तीत दंगल उसळली. त्याचा भाऊ दानी त्या वेळी तिथेच होता. पुढे त्याच्याच डोक्यावर जुन्या गुन्ह्यापायी देशाबाहेर काढले जाण्याची तलवार लटकू लागली. एका आईचा एक मुलगा मातीत आणि दुसरा विमानतळाच्या वाटेवर. देरास्प यांना या घरात सोफोक्लीजचे घर दिसले. हे दिसणे हीच या चित्रपटाची पहिली मोठी कमाई आहे. प्राचीन कथेला आजचे कपडे चढवणे सोपे असते. पण आजच्या घराच्या भिंतीत प्राचीन कथा आधीच चिणलेली आहे हे ओळखायला नजर लागते.

आता मुख्य फरकाकडे येऊ. सोफोक्लीजची अँटिगनी मेलेल्या भावासाठी उभी राहते; देरास्प यांची अँटिगनी जिवंत भावासाठी. या बदलाने काय मिळाले ते आधी सांगितले पाहिजे. आजच्या जगात राज्य आपल्याला नकोशा झालेल्या माणसाचे प्रेत वेशीबाहेर टाकत नाही. ते जिवंत माणसालाच वेशीबाहेर टाकते. ज्या देशातून तो लहानपणी निघाला, जिथे त्याचे कोणी उरले नाही, तिथे त्याला परत पाठवते. ही जिवंतपणीची बेवारशी आहे आणि दिग्दर्शिकेने ती अचूक हेरली. शिवाय अँटिगनीने कायदा मोडल्याने प्रत्यक्ष काही घडते. भाऊ सुटतो. प्रेक्षकाचा श्वास अडकतो आणि मग मोकळा होतो.

पण काहीतरी हातचे गेलेही. मेलेला माणूस परतफेड करू शकत नाही. म्हणून तर मय्यतीला गुस्ल देणे, कफन देणे, खांदा देणे, माती देणे हा जिवंतांवरचा मेलेल्याचा हक्क मानला गेला. ज्याचे उपकार फिटण्याची सोय नाही त्याच्यासाठी केलेले काम हेच निर्मळ काम. जुन्या अँटिगनीच्या मूठभर मातीने भाऊ वाचत नव्हता, युद्ध थांबत नव्हते, तिचे स्वतःचे तर सगळेच जात होते. त्या कृतीतून हाती काही लागत नव्हते, हेच तिचे बळ होते. नव्या अँटिगनीच्या कृतीला फळ आहे. फळ आले की हिशेब येतो, आणि हिशेब आला की योग्य-अयोग्य ठरवायला वकील येतात. चित्रपटाचा उत्तरार्ध वकिलांच्या आणि न्यायालयाच्या भाषेत अडकतो त्याचे एक कारण आम्हांला हेच वाटते.

दफनाचा प्रश्न जुना झाला, आजच्या माणसाला तो हलवणार नाही, असे कोणाला वाटत असेल तर या चित्रपटानंतर वर्षभरातच काय झाले ते आठवावे. २०२० मध्ये श्रीलंकेच्या सरकारने कोरोनाने मरण पावलेल्या प्रत्येकाचे दहन सक्तीचे केले. दफन करता येते असे जागतिक आरोग्य संघटना सांगत असतानाही ही सक्ती फेब्रुवारी २०२१ पर्यंत टिकली. डिसेंबर २०२० मध्ये वीस दिवसांच्या एका मुस्लिम बाळाचे त्याच्या आईबापांच्या मर्जीविरुद्ध दहन झाले. तेव्हा कोलंबोतल्या स्मशानभूमीच्या फाटकाला लोकांनी कफनाच्या आठवणीने पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधल्या. बांधणाऱ्यांत इतर धर्मांचे लोकही होते. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने माफी मागितली. त्या पट्ट्या म्हणजे अँटिगनीची मूठभर मातीच होती. अडीच हजार वर्षांपूर्वीचा प्रश्न आपल्या शेजारच्या देशात, जसाच्या तसा, प्रेताच्या रूपातच उभा होता.

असो. चित्रपटाने जो मार्ग धरला त्याच मार्गावर त्याची परीक्षा केली पाहिजे. आमच्या मते खरी परीक्षा एकाच प्रश्नाची आहे: हा भाऊ कसा आहे?

सोफोक्लीजने आपल्या नायिकेला सर्वांत अवघड भाऊ दिला. पॉलिनायसीज निर्दोष नव्हता. त्याच्यावर गद्दारीचा खोटा आळ आलेला नव्हता. तो खरोखरच फौज घेऊन आपल्या गावावर आला होता. जिंकला असता तर गाव जळाले असते. नाटक पाहणाऱ्या अथेन्सच्या लोकांना हे चांगले ठाऊक होते, आणि गावावर चालून येणाऱ्याबद्दल त्यांच्या मनात दया नव्हती. अशा भावासाठी अँटिगनी उभी राहते. तो चांगला होता असे ती एकदाही म्हणत नाही. त्याची बाजू मांडत नाही. तो माझा भाऊ आहे आणि मेलेल्याचा हक्क चांगल्या-वाईटावर ठरत नाही, एवढेच तिचे म्हणणे. निर्दोष भावासाठी कोणीही रडेल. अँटिगनीची थोरवी तिने भावाच्या वर्तणुकीचा दाखला मागितला नाही यात आहे.

चित्रपटातला पॉलिनायसीज त्या मानाने सोपा आहे. वाट चुकलेला, गरम डोक्याचा, पण बहिणीचा लाडका पोरगा. त्याने कोणाचे गाव जाळायला घेतलेले नाही. त्यामुळे पहिल्या तासात आपण अगदी बिनदिक्कत अँटिगनीच्या बाजूने होतो. तिच्यासाठी चळवळ उभी राहते. हीमन आणि तिचे सोबती भिंतींवर तिचे चित्र रंगवतात, फोनवर तिचे व्हिडिओ फिरतात, तिच्या कापलेल्या केसांची नक्कल होते. ग्रीक नाटकात जे काम कोरस करीत असे ते इथे समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती, गाणी आणि शेरे करतात. ही योजना हुशारीची आहे. जुना कोरस जसा कधी राजाच्या बाजूला, कधी मुलीच्या बाजूला कलत असे तसाच हाही कलतो. त्यात शाबासकी आहे आणि 'आपल्या देशात परत जा' असे ओकणारे विषही आहे.

पण या कोरसला एक गोष्ट लागते, आणि ती आपल्या समाजाच्याही चांगल्या परिचयाची आहे. त्याला निष्पाप चेहरा लागतो. आपल्यावर अन्याय झाला की आपण घाईघाईने सांगतो, मुलगा किती सालस होता, नमाजी होता, पहिल्या वर्गात पास झाला होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात. हे सारे खरेही असते. पण हे सांगण्याची गरज आपल्याला का वाटते? तो सालस नसता, दहावी नापास असता, चार भानगडींत असता, तर पोलिसांची गोळी कायदेशीर झाली असती का? चांगल्या वर्तणुकीचा दाखला पुढे केल्याशिवाय आपण इन्साफ मागायलाच कचरतो, आणि त्या कचरण्याने मागणी आपणच अर्धी करून टाकतो.

देरास्प यांनी हे ओळखले आहे असे म्हणायला जागा आहे, कारण अर्ध्यानंतर चित्रपट आपली वाट वळवतो. अँटिगनीला कळते की तिचे भाऊ एका टोळीत होते. एकटा पॉलिनायसीज नव्हे. ज्याच्यासाठी सारी वस्ती रडली, जो घरचा कर्ता म्हणून तिने मनात पूजला, तो एतिओक्लीजही. घरात येणाऱ्या पैशाची वाट तिला ठाऊक नव्हती. इस्मेनीला ठाऊक होती आणि ती गप्प राहिली होती. या ठिकाणी चित्रपट सोफोक्लीजच्या उंचीला जातो. मूळ नाटकात एक भाऊ मानाचा आणि एक धिक्काराचा अशी राजाने विभागणी केली होती. इथे मानाच्या भावाचे हातही मळलेले निघतात. आता कोणासाठी लढायचे? भिंतीवरच्या चित्राला या बातमीचे काय करावे ते कळत नाही. अँटिगनीला मात्र हळूहळू कळते. तिचा चेहरा मिटतो, काही काळ ती कोलमडते आणि मग पुन्हा त्याच जागी येऊन उभी राहते. आता भाऊ कसा आहे हे माहीत असून उभी राहते. सुरुवातीच्या धाडसाहून हे दुसरे उभे राहणे आम्हांला मोलाचे वाटले. नाहेमा रिसी या तरुण अभिनेत्रीने हा पल्ला बहुतेक शब्दांवाचून गाठला आहे. देरास्प स्वतःच कॅमेरा चालवतात आणि तो त्या चेहऱ्याच्या इतका जवळ नेतात की मुलगी काय ठरवते आहे ते ती बोलण्याआधी आपल्याला समजते.

मूळ नाटकातल्या एका उताऱ्यावरून विद्वानांत फार वाद झाला. मरणाच्या वाटेवर अँटिगनी म्हणते की नवरा किंवा मूल यांच्यासाठी मी हे केले नसते; नवरा दुसरा मिळतो, मूल दुसरे होते, पण आईबाप मातीत गेल्यावर भाऊ पुन्हा कुठून येणार? थोर जर्मन कवी गटे याला हे शब्द इतके खटकले की ते सोफोक्लीजचे नसावेत, कोणी मागाहून घुसडले असावेत, असे सिद्ध झाले तर बरे, असे त्याला वाटे. हा चित्रपट पाहिल्यावर तो उतारा मागाहून घुसडलेला वाटत नाही. परक्या देशात, आईबाप मारले गेलेल्या चार भावंडांच्या घरात, भाऊ म्हणजे काय हे त्या हिशेबाशिवाय सांगताच येत नाही. चित्रपट तो उतारा उच्चारत नाही; त्या घराच्या जेवणाच्या टेबलावर तो मांडून ठेवतो.

आता आमची तक्रार. या चित्रपटात क्रिऑन नाही. हीमनचा बाप राजकारणातला आहे, पण तो भला गृहस्थ आहे. अँटिगनीला या देशात राहता यावे म्हणून तो वाट काढू पाहतो. पोलीस, वकील, न्यायाधीश, सुधारगृहातल्या बायका, सगळे आपापले काम करीत असतात. आंधळा द्रष्टा टायरेसियस इथे एक आंधळी मनोविकारतज्ज्ञ होऊन येतो. कल्पना चतुर आहे, पण मूळ टायरेसियस राजाला शाप ऐकवतो आणि राजा थरथरतो. इथे थरथरायला राजाच नाही. दिग्दर्शिकेच्या बाजूने म्हणता येईल की आजची सत्ता अशीच असते, चेहरा नसलेली, शिक्के मारणारी. ते खरे आहे. तरी क्रिऑन नसल्याने शोकांतिकेचा एक पाय लुळा पडतो. सोफोक्लीजचा क्रिऑन दुष्ट नव्हता. गाव नुकते युद्धातून वाचले आहे, गद्दाराला आणि रखवालदाराला एकच न्याय लावला तर उद्या गावासाठी कोण लढेल, असा त्याचा सवाल होता. त्याला उत्तर देणे सोपे नाही. म्हणूनच त्याचे घर उद्ध्वस्त होते तेव्हा आपल्याला आनंद होत नाही. चित्रपटात सत्तेच्या बाजूच्या कोणाचेच काही जात नाही. जे जायचे ते सगळे एकाच घराचे जाते.

या जागी आम्हांला कमिला शम्सी यांची 'होम फायर' ही २०१७ ची इंग्रजी कादंबरी आठवते. तिला २०१८ मध्ये ब्रिटनचा स्त्रियांच्या कादंबऱ्यांसाठीचा मोठा पुरस्कार मिळाला. तीही 'अँटिगनी'वरच बेतलेली आहे आणि ब्रिटनमधल्या मुस्लिम घरात घडते. तिथे भाऊ परवेझ सीरियात आयसिसला जाऊन मिळतो. म्हणजे शम्सी यांनी भाऊ सोफोक्लीजइतकाच अवघड ठेवला. तो परत येऊ पाहताना मारला जातो आणि ब्रिटनचे गृहमंत्री त्याचे प्रेत देशात येऊ देत नाहीत. गृहमंत्र्यांचे नाव करामत लोन. ते स्वतः मुस्लिम घरातले. क्रिऑनला आपल्यातलाच करून लेखिकेने जखमेवर बोट ठेवले. आपल्या निष्ठेची खात्री बहुसंख्यांना पटवून देण्यासाठी जो आपल्याच माणसावर सर्वांत कठोर होतो, तो क्रिऑन आम्ही पुष्कळदा पाहिला आहे, कधी आरशातही. अनिका, इस्मा, परवेझ ही नावे वाचताना ते घर डोळ्यांसमोर येते. देरास्प यांनी कबाइल घरात ग्रीक नावे तशीच ठेवली, आणि त्या घराचा दीन, त्याची दुआ, मरणाच्या वेळचे त्याचे शब्द यांना फारशी जागा दिली नाही. आमच्याबरोबर चित्रपट पाहणारे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "घर आपले आहे, पण पाटी दुसऱ्याची लावली आहे." आम्हांला हे पूर्ण पटले नाही, पण विसरताही आले नाही. दीन दिसत नाही तरी घराची ऊब दिसते. राशिदा उसाआदा यांनी उभी केलेली आजी तर कोणत्याही मोहल्ल्यातली दादीअम्मा आहे. देशाची भाषा तिला धड येत नाही, कोर्टकचेरीतले काही कळत नाही; नात ज्या इमारतीत कोंडली आहे तिच्याबाहेर येऊन ती गाते. कायद्याला उत्तर म्हणून तिच्याजवळ तेवढेच आहे.

इस्मेनीविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर अन्याय होईल. नूर बेलखिरिया यांनी ही बहीण फार समजुतीने केली आहे. तिला सरळ आयुष्य हवे आहे. काम, घर, रात्री शांत झोप. भाऊ काय करतात हे जाणूनही तिने तोंड मिटून ठेवले, कारण तोंड उघडले की घर कोसळणार होते. आपण टाळ्या अँटिगनीला देतो, पण आपल्या बहुतेक घरांत इस्मेनीच असतात आणि त्यांच्या गप्प राहण्यावरच घरे उभी असतात. सोफोक्लीजच्या नाटकात अँटिगनी तिला झिडकारते. चित्रपट तिला झिडकारत नाही. तिचेही म्हणणे ऐकतो. ही सुधारणा आहे असे आम्ही म्हणू.

शेवटी अँटिगनी मरत नाही. भाऊ पुन्हा पकडला जातो, आणि ती आजी व भावासोबत देश सोडते. राहण्याची वाट मोकळी होऊ शकत असताना ती जाते. ज्या देशाने हुशार अँटिगनी ठेवून घेतली असती आणि तिचा नालायक भाऊ फेकून दिला असता, त्या देशाला ती सांगते की आम्हांला असे निवडून घेता येणार नाही. चांगला निर्वासित आणि वाईट निर्वासित, चांगला मुसलमान आणि वाईट मुसलमान ही चाळणीच तिला मान्य नाही. गुहेतल्या मरणापेक्षा हा शेवट मवाळ आहे असे काही जण म्हणतील. आम्हांला तो मवाळ वाटला नाही.

इथवर लिहून थांबणे सोयीचे झाले असते. पण अवघड भाऊ हवा असे दुसऱ्याला सांगणाऱ्याने स्वतःला सोडू नये. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला. १६६ माणसे मारली गेली. मेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानात जागा देणार नाही, असे त्याची व्यवस्था पाहणाऱ्या ट्रस्टने जाहीर केले. निरपराधांना मारणाऱ्यांशी आमचा संबंध नाही, असा त्याचा अर्थ होता. आम्हांला तेव्हा तो निर्णय योग्य वाटला, सुटल्यासारखेही वाटले. ते देह वर्षाहून अधिक काळ शवागारात राहिले. जानेवारी २०१० मध्ये त्यांचे गुपचूप दफन झाल्याचे त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारने सांगितले. तो निर्णय चूक होता असे आम्ही आजही म्हणत नाही. ज्यांची माणसे त्या रात्री गेली त्यांच्यासमोर उभे राहून असे म्हणण्याची आमची छाती नाही. पण हा चित्रपट पाहून घरी आल्यावर त्या रात्री आम्हांला ते शवागार आठवले. मारणारे आमचे भाऊ नव्हते. तरी क्रिऑनचा सवाल आणि अँटिगनीचा सवाल दोन्ही आमच्याच शहरात, आमच्याच कब्रस्तानाच्या फाटकावर येऊन गेले होते, आणि आम्ही क्रिऑनच्या बाजूला उभे होतो. ती बाजू बरोबर असेलही. पण आपण कोणत्या बाजूला होतो हे माहीत असणे वेगळे आणि माहीत नसताना अँटिगनीसाठी टाळ्या पिटणे वेगळे. कावळ्याने जमीन उकरून दाखवली ती मारणाऱ्यालाच, हे अशा वेळी पुन्हा आठवते आणि झोप लागत नाही.

हा चित्रपट निर्दोष नाही. त्यातली चळवळ जरा जास्त सुबक आहे, सत्ता जरा जास्त सौम्य आहे, आणि जुन्या नाटकातला दैवाचा काळोख त्यात कमी आहे. तरीही तो पाहावा, आणि शक्यतो घरातल्या मुलामुलींना बरोबर घेऊन पाहावा. नंतर त्यांना विचारावे, तुम्ही काय केले असते? अँटिगनीची बाजू सगळेच घेतील. जो किंवा जी इस्मेनीची बाजू घेईल तिचे जरा जास्त लक्ष देऊन ऐकावे. आणि कोणी विचारले की भाऊ खरोखरच वाईट असता तर, तर त्या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. त्यावर बसून बोलावे.